पत्रा आहे रे हा!

अमेरिकेत येऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मी तीन गाड्या बदलल्या, दोन नोकऱ्या बदलल्या आणि एकदा चक्क दाढीही ठेवून पाहिली. पण आमच्या अण्णांनी माझ्या कुठल्याही खरेदीकडे असं निरखून पाहिलं नव्हतं, जसं त्यांनी माझ्या पिकअप ट्रककडे पाहिलं.

हो, पिकअप ट्रक. डेन्व्हरमध्ये राहायचं, समोर रॉकीज पर्वत दिसायचा आणि घरासमोर शहाणी सेडान उभी करायची, हे काही बरोबर नाही, असं मला चाळिशीच्या उंबरठ्यावर वाटू लागलं. (बायकोच्या मते यालाच मिडलाइफ क्रायसिस म्हणतात. असो.) मग एक सेकंडहँड, चार दारांची, मागे उघडा हौदा असलेली पिकअप घेतली. तिच्या हौद्यावर बसवायला लोखंडी रॅक घेतला. आणि रॅकवर बसवायला घडीचा तंबू. रूफटॉप टेंट! संध्याकाळी जंगलात गाडी थांबवायची, तंबू उलगडायचा, शिडी लावायची आणि जमिनीपासून सहा फुटांवर झोपायचं. इन्स्टाग्रामवर तर हे दृश्य असं दिसतं की बघणाऱ्याने तडक राजीनामाच द्यावा.

सांगायचा मुद्दा, मे महिन्यात आई-अण्णा सहा महिन्यांसाठी आले. दुसऱ्याच दिवशी, जेटलॅगमुळे पहाटे चारला उठून बसलेले अण्णा स्वेटर-कानटोपी घालून ड्राइव्हवेमध्ये उभे. मी चहा घेऊन गेलो तर ते गाडीच्या मागच्या भागाभोवती प्रदक्षिणा घालत होते. हौद्याच्या काठावर, म्हणजे जिथे माझ्या रॅकचे पाय क्लँपने आवळले होते, तिथे त्यांनी बोटाच्या पेरांनी टकटक केलं. टण्ण असा आवाज आला.

‘‘पत्रा आहे रे हा, बाळ्या.’’

‘‘अण्णा, अमेरिकन गाडी आहे. भक्कम असते.’’

‘‘असेल. पण पत्रा आहे. याच्यावर किती वजन टाकणारेस?’’

इथे एक सांगायला हवं. आमचे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. बत्तीस वर्षं. भोर-महाड, वरंधा घाट. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, पण गाडी या विषयात त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला ‘असेल काहीतरी’ हे उत्तर चालत नाही.

मी मोबाइल काढून रॅकवाल्या कंपनीचं पान दाखवलं. ‘‘पाचशे पौंड. म्हणजे सव्वादोनशे किलो. तंबू फक्त पासष्ट किलोचा आहे. बोला!’’

अण्णांनी चहाचा घोट घेतला. ‘‘हे रॅकचं झालं. मी काठाचं विचारतोय. आणि उभ्या गाडीला किती, चालत्या गाडीला किती?’’

झालं. माझी सकाळ गेली.

आधी वाटलं, त्यात काय, गाडीचं मॅन्युअल उघडू आणि आकडा काढू. पाचशेच्या वर पानं. त्यात ब्लूटूथला फोन कसा जोडायचा याची अख्खी चार पानं, पण हौद्याच्या काठावर किती भार चालेल, याचा एक आकडा नाही! हौद्यातल्या दोऱ्या बांधायच्या हुकांना किती ताण चालेल, ते आहे. पण हूक हे ओढून धरण्यासाठी असतात, ओझं पेलण्यासाठी नव्हे. काठाबद्दल अळीमिळी गुपचिळी.

मग जरा डोकं लावलं. इंजिनिअरिंगला शिकलेलं वीस वर्षांनी पहिल्यांदा उपयोगी पडलं, हे आमच्या कॉलेजला कळवायला हवं. एक पोस्टकार्ड घ्या. (पोस्टकार्ड आठवत नसेल तर लग्नाची पत्रिका घ्या.) ते नुसतं उभं धरून वर बोट दाबलं तर लगेच वाकतं. त्याला मधोमध घडी घालून काटकोनात उभं करा, मग ते चांगला भार घेतं. हौद्याची भिंत अशीच असते. पत्रा मिलिमीटरच्या आसपासचा, पण त्याला घड्या घालून वरचा काठ पेटीसारखा केलेला. त्यामुळे सरळ वरून खाली दाबलं तर तो बराच भार पेलतो. पण तोच भार बाजूने ढकलू लागला, पिळू लागला किंवा एकाच इंचावर टेकला, की पत्रा आपली जात दाखवतो.

आणि चालती गाडी नेमकं तेच करते. समजा, काठावरचा रॅक आणि तंबू मिळून ९५ किलो. चार पाय, म्हणजे पायागणिक चोवीस किलो. उभ्या गाडीत हे इतकं सोपं आहे. आता वळणावर गाडी जोरात घातली किंवा करकचून ब्रेक मारला, तर वजनाच्या निम्म्याएवढा आडवा जोर सहज येतो. म्हणजे ४७ किलोचा धक्का. आणि हे ओझं काठाच्या अर्धा मीटर वर असल्यामुळे एका बाजूचे पाय दाबले जातात, दुसऱ्या बाजूचे उचलू बघतात. हिशेब केला तर एका बाजूला साधारण ३२ किलो आणि दुसऱ्या बाजूला ६३! वर खड्डा आला तर क्षणभर तेच वजन दुपटीने आदळतं. दर वळणाला, दर खड्ड्याला, हजारो वेळा. पत्रा एका दणक्यात वाकत नाही हो, तो कंटाळून वाकतो.

म्हणूनच रॅकवाल्यांच्या पानावर पाचशे पौंडांच्या खाली बारीक अक्षरांत दुसरा आकडा होता, जो मी वाचलाच नव्हता. कच्च्या रस्त्यावर तीनशे पौंड. म्हणजे १३६ किलो. पाचशे हा डांबरी रस्त्यावरचा. आणि आम्ही तर जंगलात जाणार होतो.

‘‘अण्णा, १३६ झालं.’’ मी ओशाळून सांगितलं.

‘‘बघ, सकाळपासून नव्वद किलो उतरवले,’’ अण्णा म्हणाले आणि आंघोळीला गेले.

पण मी कसला ऐकतोय! १३६ तर १३६. तंबू पासष्टचा, म्हणजे ७१ किलो शिल्लक आहेत की. शिल्लक दिसली की खर्च करायची, हा आमच्या पिढीचा क्रेडिट कार्डवाला स्वभाव. मग उन्हाळाभर मी रॅकच्या बाजूंना एकेक वस्तू लटकवत गेलो. सावलीसाठी गुंडाळीची कनात, १५ किलो. सामानाची पेटी, भरलेली, २० किलो. पाण्याचे दोन कॅन, प्रत्येकी २१ किलो. गाडी अशी दिसायला लागली, जणू मी सहारा वाळवंट ओलांडायला निघालोय. शेजारचा येऊन ‘ऑसम’ म्हणून गेला. ऑफिसातल्या ग्रुपवर फोटो टाकला, सत्तावीस लाइक्स.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी अण्णांना म्हटलं, चला, ट्रायल घेऊ. आम्ही दोघंच. शहराबाहेर पाइक नॅशनल फॉरेस्टमध्ये कच्चे रस्ते आहेत. मातीचे, पण गाड्यांच्या येण्या-जाण्याने त्यांच्यावर आडव्या लाटा उठलेल्या. अगदी पन्हळी पत्र्यासारख्या. त्यावरून जाताना दातसुद्धा सुटे होतील असं वाटतं. पाच-सहा मैल गेलो असू, अण्णा म्हणाले, ‘‘थांबव.’’

‘‘काय झालं?’’

‘‘आवाज बदलला.’’

मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. गाडीत गाणी लागली होती. उतरून मागे गेलो. अण्णांनी काठावरून हात फिरवला, आईने तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा, आणि डावीकडच्या मागच्या पायापाशी थांबले. क्लँप बोटाने हलत होता. त्याच्याखाली काठाची कड आत दबली होती. फार नाही, नखाएवढी. पण ज्या क्लँपने धरून ठेवायचं, तोच सुटत होता. वर दीडशेच्या आसपास किलो आणि समोर आमच्यामागून उतारावरून येणाऱ्या गाड्या. एक गाडी शेजारून गेली. मागच्या सीटवर दोन लहान मुलं होती, त्यांनी आम्हाला हात केला. मी हात केला नाही. माझा हात क्लँपवर होता.

रॅकच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं की पहिल्या प्रवासानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, ठरलेल्या जोराने, टॉर्क रेंचने. मी ते पान पाहिलंच नव्हतं. मला फोटो पाहून जोडता आलं ना, मग वाचायचं कशाला?

पाना काढला. अण्णांनी स्वतः आवळलं. पाणी ओतून दिलं, पेटी उतरवून हौद्यात ठेवली, ताशी दहा मैलांनी परत आलो. गाडीत कुणी काही बोलत नव्हतं. हायवेला लागल्यावर मीच म्हटलं, ‘‘अण्णा, तुम्हाला वऱ्हाडाची गाडी आठवते?’’

आठवत होती. मी तेव्हा नववीत होतो, मे महिन्याच्या सुट्टीत अण्णांच्या गाडीने महाडला आत्याकडे निघालो होतो. भोर स्टँडवर एक वऱ्हाड चढलं. एसटीच्या टपावर तेव्हा कॅरियर असायचा, मागे शिडी. ट्रंका, भांड्यांची पोती, आंब्याच्या पेट्या, रुखवताचं एक लाकडी कपाट, सगळं वर गेलं. अण्णा खाली उतरले, चार पावलं मागे जाऊन गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, निम्मं खाली घ्या. झालं! मुहूर्त टळेल म्हणून नवऱ्यामुलाचा मामा अंगावर धावून आला. कंडक्टरसुद्धा म्हणाला, जाऊ द्या ना, रोजचंच आहे. प्रवासी शिव्या घालू लागले. एकजण म्हणाला, ‘‘ड्रायव्हर स्वतःला काय कलेक्टर समजतो का?’’ अण्णा चावी खिशात टाकून पारावर जाऊन बसले. पाऊण तास! शेवटी कपाट आणि पोती उतरली, मगच गाडी हलली.

मी खिडकीशी बसून मान खाली घातली होती. वर्गातली एक मुलगी त्याच गाडीत होती. मला इतकी लाज वाटली होती की महाड येईपर्यंत मी अण्णांशी ओळखच दाखवली नाही. पाणी द्यायला आले तेव्हा मी झोपेचं सोंग घेतलं.

‘‘घाटात नऊ नंबरचं वळण होतं,’’ अण्णा म्हणाले. नंबर त्यांचे स्वतःचे होते, बाहेर कुठे लिहिलेले नव्हते. ‘‘तिथं टपावर ओझं असलं की गाडी दरीकडे मान टाकते. स्टँडवर कितीही भरा, उभी गाडी कधी तक्रार करत नाही. ती वळणात बोलते. आणि वळणात बोलली की ऐकून उपयोग नसतो.’’

‘‘मी तेव्हा तुमच्याशी बोललो नव्हतो.’’

‘‘माहितीये की,’’ अण्णा म्हणाले. ‘‘मी आरशात बघत होतो.’’

त्यानंतर मी बराच वेळ रस्त्याकडे बघत गाडी चालवली.

रविवारी आम्ही डायनिंग टेबलवर हिशेबाला बसलो. न्हाणीघरातला वजनकाटा दिवाणखान्यात आला. अण्णांनी खिशातून डायरी काढली. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पांढरं-पिवळं स्टिकर असतं. इथे प्रत्येक गाडीवर ते कायद्याने लावावंच लागतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, हे त्यावर लिहिलेलं असतं, चक्क किलोतसुद्धा. दोन वर्षं मी त्या दारातून चढ-उतार करत होतो. आकडा होता ५२०.

अण्णा म्हणाले, लिहायला घे. आधी माणसं. मी ७८, बायको ६० (हा आकडा तिच्या परवानगीने), अण्णा ७०, आई ६४, लेक २५. झाले २९७. म्हणजे हौद्यात एक चमचासुद्धा ठेवण्याआधी निम्म्याहून जास्त संपलं! रॅक ३० आणि तंबू ६५, बेरीज ३९२. लटकवलेली कनात, पेटी आणि पाणी मिळून ७७, बेरीज ४६९. आइसबॉक्स, खुर्च्या, स्टोव्ह, भांडी, अंथरुणं, ७०. एकूण ५३९.

म्हणजे गाडीच्या मर्यादेपेक्षा १९ किलो जास्त. आणि रॅकवरचं वेगळं धरलं तर तंबूसकट १४२, म्हणजे कच्च्या रस्त्याच्या १३६ पेक्षा ६ किलो जास्त. त्यात ते ओझं खाली हौद्यात नसून उंच काठावर. दीडशेच्या पुढचं ओझं वळणात निम्म्या जोराने ढकललं, तर माझ्यापेक्षा जड माणूस काठाला सतत धक्के मारतोय, असं समजा. क्लँप सुटला नसता तरच नवल.

तर मंडळी, काठ किती वजन पेलतो, या प्रश्नाला मिळालेलं उत्तर हे असं. एकच आकडा नाहीच. काठ, क्लँप, रॅक, तंबू आणि दारावरचं स्टिकर, ही एक साखळी आहे. त्यातला सगळ्यात लहान आकडा हाच आपला आकडा. आणि तोही चालत्या गाडीचा, उभ्या नव्हे. जाहिरातीत मात्र नेहमी सगळ्यात मोठा दाखवतात.

तुमच्यापैकी कुणी पुण्या-मुंबईत तंबूवाली पिकअप घ्यायच्या विचारात असेल (इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आली, टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये, तेव्हापासून मित्रांचे असे मेसेज येत असतात), तर चार गोष्टी अण्णांच्या वतीने सांगतो. रॅक आपल्याच मॉडेलसाठी आणि त्याच वर्षासाठी बनवलेला आहे ना, ते पाहा. कारण हौदे एकसारखे नसतात. फोर्डच्या एफ-१५० चा हौदा २०१५ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमचा आहे, तर टोयोटा टॅकोमाचा २००५ पासून बरीच वर्षं प्लॅस्टिकसारख्या काँपोझिटचा होता. एकाचा क्लँप दुसऱ्याला चालेलच असं नाही. दुसरं, केबिन आणि हौदा यांच्यात फट असते, ती उगाच नसते. खडबडीत रस्त्यावर दोन्ही वेगवेगळे डुलतात. त्यामुळे दोन्हींना एकाच लोखंडाने जखडू नका. तिसरं, जड वस्तू खाली, हौद्याच्या तळाशी आणि शक्यतो केबिनजवळ. काठावर फक्त तेच, ज्याचं काम वरच आहे. आणि चौथं, बोल्ट निघताना तपासा, तासाभराने तपासा, कच्चा रस्ता संपल्यावर तपासा. आणि हो, काठावर चढून बसू नका. अमेरिकन सिनेमात बसतात, त्यांचा पत्रा प्रॉडक्शनवाले बदलून देतात.

आमची दबलेली कड दुरुस्त झाली. आतून आधाराची पट्टी बसवून घेतली, क्लँपच्या जागा बदलल्या. कनात घरी राहिली. पाण्याचा एकच कॅन, तोही पेटीसोबत खाली. नवी बेरीज ५०३, रॅकवर फक्त तंबू. डायरीत आकडा पाहून अण्णा म्हणाले, ‘‘सतरा किलो राहिले. तुझ्या आईची चिवड्या-चकलीची पिशवी बसते.’’ पिशवीचं वजन केलं. सहा किलो! पण बसली.

सप्टेंबरच्या शेवटी केनोशा पासला गेलो. दहा हजार फूट. ॲस्पेनची झाडं पिवळीधमक झाली होती. आईने शिडीकडे एकदा पाहिलं आणि ‘मी काही माकड नाही’ म्हणून विषय संपवला. ती आणि बायको खालच्या तंबूत. लेकीने मात्र आधीच जाहीर केलं होतं की आजोबा तिच्याबरोबर वरच झोपणार. मी, अण्णा आणि लेक, १७३ किलो. उभ्या गाडीला रॅकची मर्यादा वेगळी, बरीच मोठी असते. ती मी या वेळी आधी वाचली होती, बारीक अक्षरांसकट.

रात्री थंडी मरणाची. अण्णा कानटोपी घालून आडवे झाले आणि नातीला सांगू लागले, ‘‘मुक्कामाची गाडी असली ना, की उन्हाळ्यात मी टपावरच झोपायचो. चटई टाकून. खाली डास, वर चांदणं. सकाळी सहाला गाडी काढायची.’’

‘‘आजोबा, म्हणजे तुमच्याकडे रूफटॉप टेंट होता?’’

‘‘टेंट कुठला! नुसतं रूफटॉप.’’

ती खूप हसली आणि पाच मिनिटांत झोपली. अण्णाही झोपले. मी जागा होतो. इतक्या वर्षांत त्यांच्या मुक्कामाच्या गाडीवर मी एकदाही झोपलो नव्हतो. त्यांनी दोनदा विचारलं होतं. मला क्रिकेटची मॅच होती.

पहाटे कसल्याशा आवाजाने जाग आली. शेजारची जागा रिकामी. तंबूची झडप उघडून खाली पाहिलं, तर अण्णा टॉर्च तोंडात धरून, पाना घेऊन, एकेका क्लँपपाशी उभे.

‘‘अण्णा, गाडी रात्रभर उभीच होती!’’

त्यांनी टॉर्च तोंडातून काढली. ‘‘आता चालणारे ना?’’

मी शिडीवरून खाली उतरलो आणि दुसरा पाना घेतला.